आयसीयूबाहेर बसलेल्या नातेवाइकांना काय विचारायचं आणि कसं

प्रश्न एम.एस्सी. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थिनीचा आहे. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांच्या नातेवाइकांचे अनुभव हा तिचा प्रबंधाचा विषय. गाइड म्हणतात, दहा-बारा मुलाखतींवर प्रबंध होत नाही, शंभर सॅम्पल घे आणि तीस प्रश्नांची प्रश्नावली कर. इकडे ड्यूटीवर असताना तिने सहज दोन-चार नातेवाइकांशी बोलून पाहिलं, तर सगळ्यांचं एकच उत्तर, ‘सगळं छान आहे सिस्टर, काही तक्रार नाही.’ मग यातून संशोधन निघणार कसं, आणि गाइडना सांगायचं काय, असं ती विचारते.

आधी त्या ‘सगळं छान आहे’बद्दल. ते लोक खोटं बोलत नाहीत. पण ज्यांचा माणूस आत नळीवर आहे त्यांचा हात दगडाखाली आहे. समोर तुम्ही युनिफॉर्ममध्ये उभ्या, गळ्यात हॉस्पिटलचं कार्ड. आज रात्री त्यांच्या पेशंटचं सक्शन (नळीतला कफ ओढून काढणं) तुम्ही किंवा तुमची मैत्रीण करणार आहे. अडला हरी गाढवाचे पाय धरी, तिथे तुम्हाला पाचपैकी पाच गुण द्यायला त्यांचं काय जातं? सरकारी रुग्णालयात, किंवा महात्मा फुले योजनेत उपचार चालू असतील तर, फुकट मिळतंय त्यात खोड काय काढायची हा संकोच त्यात आणखी मिसळतो. अशा वेळी समाधान मोजणारी प्रश्नावली शंभर जणांकडून भरून घ्या नाहीतर हजार जणांकडून, ‘बहुतांश नातेवाईक समाधानी’ एवढंच हाती लागेल. आपल्या कॉलेजांच्या ग्रंथालयांत असे प्रबंध रचून ठेवलेत. त्यांतून एकाही वॉर्डात काही बदललेलं मला दिसलेलं नाही.

उपाय अवघड नाही. मत विचारू नका, घडलेलं विचारा. अमेरिकेतल्या रुग्णालयांत २००६पासून रुग्णांच्या अनुभवांची एचकॅप्स नावाची पाहणी चालते, आणि २००८पासून तिचे निकाल जाहीर होतात. तीही प्रश्नावलीच, पण तिच्यातले बहुतेक प्रश्न ‘नर्स कशा वाटल्या’ असे नाहीत. ‘नर्सनी तुमचं नीट ऐकून घेतलं असं किती वेळा झालं, कधीच नाही, कधीकधी, बहुतेक वेळा की नेहमी’ असे आहेत. मुलाखतीत तर याच्याही पुढे जाता येतं, कारण तिथे घडलेली गोष्ट क्रमाने सांगायला लावता येते.

माझ्या मार्गदर्शनाखालच्या एका विद्यार्थिनीने घेतलेली एक मुलाखत सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. विदर्भातलं शेतकरी कुटुंब, नवऱ्याला फवारणी करताना विषबाधा झालेली, तो व्हेंटिलेटरवर. बायको बाहेर बाकावर. सुरुवात नेहमीचीच. ‘सगळं बराबर हाये मॅडम. डाक्टर, सिस्टर, सगळे चांगले हायेत.’ विद्यार्थिनीने मान डोलावली आणि पुढे विचारलं, ‘काल संध्याकाळी तुम्ही आत गेलात ना, दारातून आत शिरल्यापासून बाहेर येईपर्यंत काय काय झालं? आठवेल तसं सांगा.’

बाई सांगू लागली. चपला काढल्या, हिरवा झगा घातला, सिस्टरने लांबूनच पलंग दाखवला. मग थोडं थांबून म्हणाली, ‘त्याइचे हात बांधले व्हते. पलंगाले. पट्टीनं.’ पुन्हा शांतता. विद्यार्थिनी गप्प राहिली, हे तिने फार चांगलं केलं. बाई म्हणाली, ‘सकाळी पोलीस येऊन गेले, बयान लिहून नेलं. मले वाटलं, केस झाली, म्हणून बांधलं.’ कोणाला विचारलंत का, यावर उत्तर आलं, ‘कोणाले विचारू?’

आपल्याला आतून माहीत असतं. विषबाधेची प्रत्येक केस एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवावी लागणारी मेडिकोलीगल केस असते, म्हणून पोलीस जबाब घेतात. आणि या विषावरचं औषध असलेल्या अॅट्रोपिनच्या डोसवर पेशंट बरळतो, नळी ओढायला बघतो, म्हणून हात बांधून ठेवतात. दोन गोष्टींचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही. त्या बाईने दोन्ही जोडल्या आणि नवऱ्याला अटक झालीय असं समजून रात्र काढली. हिला समाधानाचा फॉर्म दिला असता तर तिने पाचपैकी पाच दिले असते, आणि अगदी मनापासून दिले असते.

तुमच्या विषयाचं पीक इथे आहे. काळजीत काय कमी पडतं हे नातेवाईक तक्रार म्हणून सांगत नाहीत, कारण बऱ्याचदा ते त्यांना तक्रारीचं वाटतच नाही. जे घडलं त्याचा अर्थ त्यांनी स्वतःच लावलेला असतो. तो अर्थ काय लावला, हे शोधणं तुमचं काम.

आता गाइड आणि सॅम्पल. गाइडशी भांडू नका, त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. किती टक्के नातेवाइकांना माहिती अपुरी वाटते हे सांगायचं असेल, तर दहा-बारा माणसं खरोखरच पुरत नाहीत. पण तुमचा प्रश्न ‘किती’चा नाही, ‘काय आणि कसं’चा आहे. तो सिनॉप्सिसमध्ये (प्रबंधाच्या आराखड्यात) तसाच मांडला नसेल तर चूक गाइडची नाही. ‘टू असेस द लेव्हल ऑफ…’ अशी पातळी मोजायची उद्दिष्टं लिहायची आणि खाली गुणात्मक पद्धत म्हणायचं, असं करून चालत नाही. संख्येला आधार हवा असेल तर गेस्ट, बन्स आणि जॉन्सन यांचा २००६चा अभ्यास दाखवा. पश्चिम आफ्रिकेतल्या दोन देशांत घेतलेल्या ६० मुलाखती त्यांनी क्रमाने तपासल्या, तेव्हा बहुतेक मुद्दे पहिल्या १२ मुलाखतींतच येऊन गेले होते. मात्र तिथे सगळ्या बायका साधारण एकसारख्या परिस्थितीतल्या होत्या आणि प्रश्नही ठरलेले होते. तुम्ही अपघाताच्या केसेस, विषबाधा आणि जुनाट फुप्फुसाचे आजार सगळे एकत्र घेतलेत तर बारा पुरणार नाहीत. म्हणून गट लहान ठेवा. व्हेंटिलेटरवर किमान तीन दिवस झालेल्या रुग्णाचा, रात्री मुक्कामाला थांबणारा नातेवाईक, असा निकष मला बरा वाटतो.

‘रात्री मुक्कामाला थांबणारा’ हे मुद्दाम म्हणते. वेटिंग एरियात जाऊन ‘बेड नंबर सहाचे नातेवाईक कोण?’ विचारलं की पांढऱ्या शर्टातला मोठा भाऊ किंवा मेहुणा पुढे येतो. डॉक्टरांशी तोच बोलतो, पैशाचंही तोच बघतो, आणि तुमच्याशीही तोच बोलेल. पण चार रात्री फरशीवर सतरंजी टाकून सून झोपलेली असते, आणि सगळं पाहिलेलं तिनेच असतं. तिला भावजींसमोर विचाराल तर ती पदर सावरून ‘भावजींना विचारा’ म्हणेल. दोघांचीही मुलाखत घ्यायची असेल तर वेगवेगळी घ्या, आणि हे दोन वेगळे अनुभव आहेत हे लिहा.

प्रश्नावली अगदी टाकूनच द्यायची असंही नाही. या विषयावरचं सगळं काम एका यादीपासून सुरू होतं. १९७९मध्ये नॅन्सी मोल्टर या अमेरिकी परिचारिकेने गंभीर रुग्णांच्या ४० नातेवाइकांना ४५ गरजांची यादी दिली आणि कोणती किती महत्त्वाची ते विचारलं. सर्वांत वर आलं ते ‘आशा आहे असं वाटणं’. पुढे जेन लेस्के यांनी त्या यादीवर काम करून ती मोजपट्टी पक्की केली, आणि तिच्यात पाच गट पडले: दिलासा, माहिती, जवळ असणं, सोय आणि आधार. आजही जगभर ती वापरतात. आपल्याकडेही तिची भाषांतरं करून पुष्कळ प्रबंध झालेत, आणि बहुतेकांत दिलासा आणि माहिती वर, सोय खाली, असाच क्रम येतो. त्याने कोणाला आश्चर्य वाटायला नको.

पण ती यादी घेऊन आपल्या जिल्हा रुग्णालयाच्या जिन्यात उभ्या राहा. वेटिंग रूमजवळ टेलिफोन असावा, बसायला बरं फर्निचर असावं, असं त्यात आहे. रक्ताची पिशवी हवी म्हणून बदली रक्तदाता शोधायला गावाकडे फोन करणारा माणूस त्यात नाही. मध्यरात्री चिठ्ठी घेऊन मेडिकलला पळणारा मुलगा नाही. योजनेची मंजुरी रेशनकार्डावरच्या नावातल्या एका अक्षरामुळे अडली म्हणून आरोग्यमित्राच्या (योजनेच्या मदतनिसाच्या) टेबलासमोर उभी असलेली बहीण नाही. आपल्याकडे नातेवाईक फक्त वाट पाहत नाही, तो हॉस्पिटलचं अर्धं काम करतो. अमेरिकेत बनलेल्या यादीत हे येणार नाही, आणि यादी कितीही नीट भाषांतरित केली तरी आत शिरणार नाही. म्हणून तुमच्या मुलाखती हव्यात. गाइडना एवढा मुद्दा पटला तर अर्धी लढाई जिंकलात. तरीही शंभरावर अडून बसले, तर प्रश्नावली आणि मुलाखती दोन्ही असलेली मिश्र पद्धत सुचवा, पण वर्षभरात दोन्ही नीट होत नाहीत हेही सांगा.

मुलाखत कुठे आणि कधी घ्यायची, याला पाठ्यपुस्तकात दोन ओळी असतात, आणि प्रत्यक्षात सगळं तिथेच बिघडतं. आयसीयूच्या दारापासून नातेवाईक हलत नाहीत. का हलत नाहीत ते एकदा तिथे बसून बघा. दार किलकिलं होऊन ‘पाच नंबर!’ अशी हाक आली की पाचच्या माणसांचे चेहरे पांढरे पडतात. बहुतेक वेळा औषधाची चिठ्ठी द्यायची असते, किंवा डायपर संपलेले असतात. पण हाक तीच. त्या हाकेच्या भीतीने लोक जेवायला जात नाहीत, लघवी रोखून धरतात. अशा माणसाला तुम्ही दुसऱ्या मजल्यावरच्या डेमो रूममध्ये नेऊन तासभर बसवाल, तर त्याचे कान दाराकडेच राहणार. तेव्हा दोन पर्याय आहेत. हाक ऐकू येईल अशी जवळची खोली मिळवा, किंवा दुसरा नातेवाईक दाराशी थांबलेला असतानाच मुलाखत घ्या. शिवाय आतल्या सिस्टरना सांगून ठेवा की अमुक बेडचे नातेवाईक माझ्याबरोबर आहेत, काही लागलं तर मला फोन करा. हे सगळं मुलाखत देणाऱ्याला दिसेल असं करा. त्याचा खांदा सैल पडलेला तुम्हाला कळेल.

डॉक्टरांच्या ब्रीफिंगनंतर लगेच नको, बिलाच्या दिवशी नको. रुग्ण वॉर्डात शिफ्ट झाल्यावर माणसं मोकळेपणाने बोलतात हे खरं, पण तोवर सुटकेचा आनंद आधीच्या रात्रींवर पाणी फिरवतो. दोन्ही वेळा चालतील, एक निवडा आणि का निवडली ते लिहा. रुग्ण दगावला तर ती मुलाखत तिथेच थांबवा. त्या कुटुंबाकडे परत जायचंच असेल तर त्याची परवानगी प्रस्तावात आधीच घेतलेली हवी, आणि तो प्रबंधाच्या घाईत करायचा प्रकार नव्हे.

युनिफॉर्म घालून मुलाखत घेऊ नका. ज्या पेशंटची ड्यूटी तुम्ही करता त्याच्या नातेवाइकांची तर अजिबात घेऊ नका. सरळ दुसऱ्या युनिटमधून घ्या.

संमतीपत्राबद्दल दोन गोष्टी. आयसीयूबाहेर बसलेल्या माणसाने आठवडाभरात इतक्या सह्या केलेल्या असतात की तुमचाही कागद तो न वाचता सही करून परत देईल. हाय-रिस्कची सही, नळी टाकायची सही, रक्ताची सही. म्हणून कागद पुढे करण्याआधी तोंडी सांगा, आणि ‘नाही म्हणालात तरी आतल्या उपचारात काही फरक पडणार नाही’ हे सांगून झाल्यावर निदान एक रात्र मध्ये जाऊ द्या. ‘नको’ म्हणायची खरी संधी त्या रात्रीत असते. रेकॉर्डिंगची संमती वेगळी घ्या. लिहिता-वाचता न येणाऱ्यांसाठी अंगठा आणि निःपक्षपाती साक्षीदार लागतो, आयसीएमआरच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांत ते आहे. तो साक्षीदार तुमच्या वॉर्डची सिस्टर नको.

दुसरी गोष्ट एथिक्स कमिटी (संशोधनाला मंजुरी देणारी नीतिसमिती) बहुधा विचारत नाही, पण तुमच्यासमोर नक्की येईल. मुलाखतीत कोणीतरी सांगणार की आतल्या अमुक मामाने (वॉर्डबॉयने) बेडपॅन द्यायचे पैसे मागितले, किंवा अमुक सिस्टर पेशंटवर ओरडली. गुप्ततेचं वचन तुम्ही दिलेलं आहे, आणि तुम्ही त्याच संस्थेच्या विद्यार्थिनी आहात. अशा वेळी काय करायचं ते मुलाखतीआधी ठरवा आणि संमतीपत्रात लिहा. मी असं लिहून घेते: सांगितलेलं सगळं गुप्त राहील, फक्त रुग्णाच्या जिवाला धोका होईल असं काही कळलं तर ते मला वरिष्ठांना कळवावं लागेल, आणि तसं करण्याआधी तुम्हाला सांगेन. पैसे मागण्याचा प्रकार या अपवादात बसत नाही. त्यांना तक्रार कुठे करता येते ते सांगा आणि करायची की नाही ते त्यांच्यावर सोडा. तुम्ही चौकशी अधिकारी नाही आहात. तुम्ही तिथे धावत गेलात तर पुढच्या मुलाखती संपल्याच म्हणून समजा.

मुलाखत सुरू करण्याआधी एक पान स्वतःबद्दल लिहा. नातेवाइकांबद्दल तुम्हाला आत्ता काय वाटतं, अगदी खरं. ‘गर्दी करतात, तेच तेच विचारतात, सांगितलेलं ऐकत नाहीत, डॉक्टर आले की गोड बोलतात आणि आमच्यावर आवाज चढवतात.’ ड्यूटीवर हे सगळ्यांनाच वाटतं, त्यात लाजायचं काही नाही. पण हे पान शेजारी असलं की विश्लेषणात तुमचा राग कुठे नातेवाइकांच्या तोंडी घातला गेला ते दिसतं. ‘तेच तेच विचारतात’ याचंच बघा. २०००मध्ये फ्रान्समधल्या एका आयसीयूत एली अझुले आणि सहकाऱ्यांनी डॉक्टरांशी बोलून झाल्यावर नातेवाइकांना काय समजलं ते तपासलं. निम्म्याहून अधिक जणांना निदान, उपचार किंवा पुढचा अंदाज नीट उमगलेला नव्हता. माणूस तेच तेच विचारतो कारण पहिल्यांदा ते त्याच्या डोक्यात शिरलेलंच नसतं, आणि दर शिफ्टला त्याला थोडं वेगळं उत्तर मिळालेलं असतं.

मुलाखती मराठीत घेतल्यात तर मराठीतच उतरवा, अहिराणीत, वऱ्हाडीत, मालवणीत, जशा बोलल्या तशा. कोडिंगही, म्हणजे ओळींना मुद्द्यांची नावं देणं, मराठीतच करा. इंग्रजी करायचंय ते फक्त प्रबंधात द्यायच्या अवतरणांचं, अगदी शेवटी. बहुतेक जणी उलट करतात, रेकॉर्डिंग ऐकता ऐकता थेट इंग्रजीत टाइप करतात. मग सगळे नातेवाईक एकाच आवाजात बोलू लागतात, आणि तो आवाज विद्यार्थिनीचा असतो.

विश्लेषणाच्या पद्धतीचं म्हणाल तर एकच धरा आणि तिच्याशी प्रामाणिक राहा. नवख्या माणसाला कोलायझी यांची १९७८ची सात पायऱ्यांची पद्धत सोपी जाते, कारण पुढची पायरी कोणती ते कळतं. तिची सातवी पायरी म्हणजे निष्कर्ष घेऊन मुलाखत देणाऱ्यांकडे परत जाणं. आपल्याकडे मोबाइल नंबर बदलतात, माणसं गावी जातात, तेव्हा जेवढ्यांकडे जमलं तेवढं लिहा आणि न जमलेलंही लिहा. ब्राउन आणि क्लार्क यांचं २००६चं थीमॅटिक विश्लेषण, म्हणजे मुलाखतींतले समान धागे (थीम) शोधणं, जास्त मोकळं आहे, पण त्यात तुमचा स्वतःचा विचार जास्त लागतो. सगळे मुद्दे येऊन संपल्यावर थांबायचं, हा हिशोबही त्या दोघींनी आपल्या पद्धतीला नंतर नाकारला. तेव्हा त्यांचं नाव घेऊन ‘सॅच्युरेशन आलं’ असं लिहू नका, परीक्षक जाणकार असला तर तिथेच पकडेल. आणि कृपा करून पद्धतीत फिनॉमेनॉलॉजी (जगलेल्या अनुभवाचा अभ्यास), विश्लेषणात कंटेंट अॅनालिसिस (मजकुरातल्या मुद्द्यांची वर्गवारी) आणि निकालात ‘७० टक्के सहभागींनी’ असली खिचडी नको. दहातले सात म्हणजे सत्तर टक्के नव्हेत, ते सात जण आहेत.

थीम म्हणून काय लिहायचं यातही गफलत होते. ‘माहितीचा अभाव’, ‘आर्थिक अडचणी’, ‘मानसिक ताण’ ही प्रकरणांची शीर्षकं झाली, ती मुलाखती न घेतासुद्धा लिहिता आली असती. ‘कर्मचाऱ्यांच्या चेहऱ्यावरून आत काय चाललंय ते ओळखणं’ ही थीम आहे, कारण तिच्यात कोणीतरी काहीतरी करतंय. नातेवाईक खरोखर हे करतात. सिस्टर घाईने गेली म्हणजे काहीतरी झालंय, मावशी हसत बाहेर आली म्हणजे आत बरं आहे, असा दिवसभर हिशोब चालू असतो. असं काही सापडलं की तुमच्या वॉर्डला सांगण्यासारखं तुमच्याकडे काहीतरी आहे.

सांगायचंच. प्रबंध बांधून झाला की तो कपाटात जातो, तुम्ही नोकरीला लागता, आणि ज्या आयसीयूबाहेर बसून हे मिळवलं तिथे कोणाला पत्ता नसतो. इंग्लंडमध्ये २००५-०६च्या सुमारास पॉल बेट आणि ग्लेन रॉबर्ट यांनी डोकं-मानेच्या कर्करोगाच्या विभागात वेगळं करून पाहिलं. रुग्णांचे अनुभव चित्रित केले, तेच कर्मचाऱ्यांना दाखवले, आणि मग रुग्ण व कर्मचारी एकत्र बसून काय बदलायचं ते ठरवलं. तुम्हाला चित्रीकरण नको, पण इनचार्ज सिस्टरकडून हँडओव्हरनंतरची पंधरा मिनिटं मागून चार अवतरणं वाचून दाखवता येतील, नावं-गावं काढून. हात बांधण्याचा तो प्रसंग असाच वाचून दाखवला होता. त्यानंतर तिथल्या सिस्टर पहिल्या भेटीआधी दारातच सांगू लागल्या: हात बांधलेले दिसतील, नळी ओढू नये म्हणून आहेत, शुद्धीवर आले की सोडू. याला ना निधी लागला, ना परिपत्रक.

आता लगेच काय करायचं? एथिक्सची मंजुरी येईपर्यंत रुग्णांच्या नातेवाइकांकडून काहीही गोळा करू नका, सहज विचारलेलंही प्रबंधात वापरू नका. तोवर हॉस्टेलमधल्या मैत्रिणीवर सराव करा. तिच्या आयुष्यातला कुठलाही एक दिवस क्रमाने सांगायला लावा आणि ती थांबली की तुम्हीही थांबून राहायला शिका, तेच सर्वांत जड जातं. मंजुरी आली की दोन पायलट मुलाखती घ्या आणि स्वतः उतरवा. तासाभराच्या रेकॉर्डिंगला एक अख्खी सुट्टी जाते, हे वेळापत्रकात धरा. उतरवलेल्या पानांवर तुमच्या ओळी जास्त आणि त्यांच्या कमी दिसल्या तर प्रश्न बदला. ठीक दिसल्या तर ती पानं गाइडसमोर ठेवा, आणि शंभर की बारा हा विषय त्या दिवशी काढा.